खटका

पाल्मितास सोडून थोडं पुढे, रस्ता क्रमांक दोनवर,
सेल्वा चालवत होती, मी संत्रं सोलत होते,
आणि एकावन्न सालच्या आमच्या शेवरलेनं
अचानक आ वासला.

आभाळ गेलं. रस्ता गेला.
काचेपुढे नुसतं पत्र्याचं निळं पोट,
त्यावर कुण्या कामगारानं खडूनं लिहिलेला सात,
जो आम्ही चाळीस वर्षांत पाहिला नव्हता.

सेल्वा स्टीअरिंगवर हनुवटी टेकेपर्यंत वाकली.
बिजागऱ्यांमधल्या बोटभर फटीतून
जेवढं जग दिसलं
तेवढ्यावर तिनं गाडी कडेला घेतली.
कुंपणापलीकडून एका गायीनं आमच्याकडे पाहिलं.
संत्र्याची फोड माझ्या मुठीत चिरडली होती.

"पाणी तू बघितलंस, बॉनेट तूच लावलंस."
"लावलं तू. मी फडकं आणायला गेले होते."

बॉनेटचा खटका एकदाच उडाला.
आमचा सतरा दिवस उडत राहिला.
कपडे वाळत घालायची दोरी बॉनेटला गुंडाळलेली,
म्हणून कपडे खुर्च्यांच्या पाठींवर,
आणि एकाच शेगडीवर दोन किटल्या,
येर्बाचे दोन भोपळे, दोन नळ्या,
प्रत्येकीचं कडू पाणी वेगळं.

अठराव्या दिवशी पाम्पेरो वारा सुटला,
शेडचं दार वाजायला लागलं,
आणि सेल्वा दोरी सोडताना दिसली.
मी दहा नंबरचा पाना घेऊन गेले.
ती म्हणाली, "अकरा."
ती आमची पहिली बोलणी.

चार बोल्ट. तीन सुटले,
चौथ्याला रॉकेल पाजून वाट पाहिली.
मग खटका हातात आला. केवढा जड,
ग्रीसचं काळं मेण झालेलं,
त्यात एक गांधीलमाशी, कधीची कोण जाणे.
जुन्या दातब्रशनं सेल्वा घासत बसली
तशी एकेक वस्तू वर आली:
आकडा, धड.
स्प्रिंग, अजून तापट.
आणि जिथं आकडा फिरतो त्या भोकात
खिळीच्या जागी
वाकवून घुसवलेली, झिजून मधोमध तुटलेली
केसांची पिन.

मला दोलोरेसचा तो नाच आठवला.
उशीर झालेला, पेट्रोल उसनं आणलेलं,
खीळ मातीत कुठंतरी पडलेली,
आणि माझ्या अंबाड्यात अकरा पिना.
सोमवारी बदलते, म्हटलं होतं.
मनातच म्हटलं होतं.
त्यानंतर सोमवार किती आले
त्याचा हिशेब मी ठेवला नाही, पिनेनं ठेवला.

मी तुकडे उचलले, अॅप्रनच्या खिशात टाकले,
आणि म्हणाले, "गंजली होती खीळ."
सेल्वा काही बोलली नाही.
दारियोच्या दुकानातून नवी आणली, तीन आण्याच्या लायकीची,
तिचे दोन पाय पकडीनं फाकवले,
वरून नवं ग्रीस, नखभर.

बॉनेटची खुंटी अर्धा आटा आत.
बसेना.
अर्धा बाहेर. बसलं, पण खडखडलं.
पाव आटा आत, रबराचा ठोकळा किंचित वर.
"आता तू लाव," सेल्वा म्हणाली.
"तू लाव."
"नको. या वेळी कुणी लावलं ते ठरलेलं बरं."

मी दोन्ही तळवे पत्र्यावर ठेवले.
पत्रा थंड होता, दोरीचे वळ त्यावर अजून होते.
दाबलं.

खट्.

एकच आवाज, आखूड,
दातखिळी बसल्यासारखा नव्हे,
म्हणायचं ते म्हणून झाल्यावर
माणूस तोंड मिटतो, तसा.

तिनं दोन्ही हातांनी ओढून पाहिलं. हललं नाही.
मग हात पुसता पुसता,
माझ्या खिशाकडे न बघता म्हणाली,
"काळेभोर होते तेव्हा तुझे केस."

आणि दोरी घेऊन
कपडे वाळत घालायला गेली.