तेरा अंश

मिठमुंबरीच्या पुलावर आधी गारवा गेला,
मग आवाज आला.
पत्र्याच्या डब्यात खिळे घालून पोर खुळखुळवतं तसा.
मग पट्ट्याची किंकाळी, रबराचा धूर,
आणि डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम लागले,
जत्रा असल्यासारखे.

मे महिना. दुपारचे पावणेदोन.
दोन दारांची, दोन सीटांची, पिवळी, बुटकी गाडी,
रस्त्यापासून वीतभर उंच.
तिच्यात बसायला मला गुडघा धरावा लागतो,
उठायला शालनचा हात.
या वयात असली गाडी घेऊ नये
हे चार जणांनी सांगितलं होतं.
पाचव्याने दलाली घेतली.

तीस वर्षं मी थंडी वाहिली.
बोटीच्या पोटात ग्वायाकिलची केळी, तेरा अंश,
ना साडेबारा, ना साडेतेरा.
न्यूझीलंडचं मटण, उणे अठरा.
आणि इंजिनरूममध्ये आम्ही, सत्तेचाळीसवर,
बनियन पिळत.
म्हणून ही गाडी. वेगासाठी नाही.
काच बंद करावी, छातीवर गार झोत घ्यावा
आणि कुणकेश्वरपर्यंत जाऊन यावं,
एवढ्यासाठी.
लोकांना मात्र मी वेगच सांगितला.

टेम्पो घेऊन जयवंत तारी आला.
बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्याची मशिनं तोच बघतो.
हाताला अमोनियाचा वास, आणि बांगड्याचा.
पाइप सोडला, बोट आत घातलं, बाहेर काढलं.
बोटावर काळं तेल, तेलात चंदेरी कण,
सुरमईचं खवल कुटून पूड केल्यासारखे.

"काका, आतून चुरो झालोहा.
तो आता सगळ्या पायपांत फिरलो.
नुसतो कॉम्प्रेसर बदलून भागाचा नाय."
मग आकडा म्हणाला.
तेवढ्यात जुनी होडी आली असती,
इंजिनासकट, जाळ्यासकट.

"गॅस कितीदा भरलास?"
दर एप्रिलला. कणकवलीत. तीन वर्षं.
"आनी गळती?"
मी गप्प.
गॅस जातो तेव्हा एकटा जात नाही,
थोडं थोडं तेल सोबत नेतो.
हे मी नव्या पोरांना शिकवलंय,
खडूने डेकवर आकृती काढून.
"तीस वर्सां बोटीर काढलास, काका..."
पुढचं तो बोलला नाही. पाना पुसत राहिला.

शालन बोलली.
कठड्याला टेकून, पदराने वारा घेत:
"दर नऊ महिन्यांनी यायचात.
अत्तर, घड्याळ, टिनातली बिस्किटं.
भरून जायचात."
एवढंच. मग पर्समधून आवळासुपारी काढली,
आधी जयवंतला दिली, नंतर मला.

जामसंड्याहून आखूड पट्टा आला,
माशाच्या पिकअपचा, चालून गेला.
कॉम्प्रेसर वगळून बाकीची चाकं फिरू लागली,
घरातलं एक माणूस वगळून
जेवणाची पानं मांडावीत तशी.
उतरवलेला सात किलो भरला.
जयवंतच्या पुतण्याने हातात तोलून पाहिला,
"नांगर होतलो ह्येचो."
नेला. आता तो खाडीत असेल,
पातीखाली, दोरीच्या टोकाला, चिखलात.

येताना काचा खाली.
वाळत घातलेल्या सुक्याचा वास, धूळ, खारा वारा.
याच वाऱ्याने माझा कंडेन्सर खाल्ला,
तरी शालनने हात बाहेर काढून
बोटं फाकवली त्यात.
मी सत्तरवर नेली गाडी.
ती हळू म्हणाली नाही.

सकाळी मगात साबणाचं पाणी केलं,
दाढीचा ब्रश घेतला,
बॉनेट उघडून एकेका सांध्यावर फेस लावत बसलो.
आत गॅस उरला नव्हता.
बुडबुडा येणार नव्हता, मला माहीत होतं.
शालन चहा घेऊन आली,
कप फेंडरवर ठेवला
आणि माझ्या शेजारी वाकून
तीही बघू लागली.