पायाखालची रुंदी

त्रिलोकेकरांनी दोन्ही जोड्या माळ्यावरून उतरवून
जुन्या चादरीवर आडव्या ठेवल्या
आणि पाणीसुद्धा न विचारता विचारलं,
"पडता कुठल्या बाजूला?"

प्रभादेवी, पाचवा मजला, मे महिन्यातली दुपार.
पंखा वाऱ्यापेक्षा आवाजच जास्त देत होता.
माझ्या कोपरावरून घामाचा थेंब सुटला
तो थेट स्कीच्या टोकावर.
मी पदराने पुसला, ते हसले नाहीत.

डाव्या, मी म्हटलं.
"म्हणजे उजवा पाय उशिरा सोडता."
हे खरं होतं,
आणि चौदा वर्षांत घरात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

पहिली जोडी: कमरेत अठ्ठ्याऐंशी मिलिमीटर.
"ही सगळ्या डोंगराची.
सकाळचा काचेसारखा उतार चावून धरते,
दुपारच्या खिचडीतूनही घरी आणते.
कुठल्याच कामात पहिला नंबर नाही,
पण दांडी मारत नाही."

दुसरी: एकशे चौदा.
पुढचं टोक होडीच्या नाळेसारखं उचललेलं,
मधोमध हाताने दाबली तर मऊ वाकणारी.
गुडघाभर ताज्या भुकटीत बुडत नाही, तरंगते.
"आणि कडक बर्फावर?"
"तिथे ती टेबल. टेबल वळवून बघा."

मी अर्थात टेबलाकडेच बघत होते.

मी ज्युनियर कॉलेजात बुककीपिंग शिकवते,
म्हणून त्यांनी हिशेब मागितला तेव्हा
पळायला वाट नव्हती.
गुलमर्ग, तीन हिवाळे, एकूण सतरा दिवस.
त्यात ताजा बर्फ?
चार.
त्या चारांतले, शेवटच्या गोंडोलाच्या पलीकडे उतरलात असे?
एक.
त्या एका दिवशी किती वळणं?

सहा.
सातव्याला कमरेपर्यंत रुतले
आणि डावी स्की कुठेतरी आत राहिली.
मंझूर चाळीस मिनिटं काठीने बर्फ टोचत होता,
तांदळाच्या डब्यात हरवलेली अंगठी शोधावी तसा.
पण त्याआधीची सहा—
आवाज नव्हता,
पायाखाली काही लागत नव्हतं
आणि तरी मी उभी होते.
हे कुठल्या खात्यावर लिहायचं, त्रिलोकेकर?

ते बराच वेळ गुडघा चोळत राहिले.
दोनदा उघडून शिवलेला गुडघा, म्हणून तर विकायला काढलंय.
"जशा उतरायचं मनात असतं तशा स्की घेतो माणूस,
पडतो मात्र जसा येतो तसा.
ही रुंद जोडी मी अकरा वर्षांत किती वापरली, विचारा."
किती?
"पाच दिवस."
मग अरुंद जोडी उलटी केली.
तळावर ओरखडे, एका ठिकाणी दगडाने नेलेला तुकडा,
मेण भरून भरून पिवळी पडलेली जखम.
रुंद जोडीचा तळ मात्र
कोऱ्या वहीच्या पानासारखा.

मी अठ्ठ्याऐंशीची उचलली.
उभी केली तर टोक नाकापाशी आलं. "बरोबर," म्हणाले.
पैसे मोजले, त्यांनी पुन्हा मोजले,
आणि मी रुंद जोडीवरून एकदा हात फिरवला
तेव्हा खिडकीबाहेर बघत बसले.

लिफ्टमध्ये तिरपी घातली तरी दार लागेना.
खांद्यावर घेऊन जिन्याने निघाले,
प्रत्येक मजल्याच्या वळणावर टोक आधी, मग मी.
चौथ्यावर उजवा पाय उशिरा सुटला
आणि देशमाने वहिनींच्या दारावरचं तोरण खाली आलं.
तिसऱ्यावर वेळेत सुटला.
दुसऱ्यावरही.
खाली वॉचमनने विचारलं, "बाई, पडद्याच्या दांड्या का?"
हो म्हणाले असते,
पण वरून गॅलरीतून हाक आली,
सगळ्या सोसायटीला ऐकू जाईल अशी:
"कडांना खोबरेल लावा!
समुद्र जवळ आहे, गंज धरतील!"