दुपारी एक ते चार

मिरचीच्या दिवसांत आमच्या सपरीत
पाहुणासुद्धा शिंकत शिंकत येतो.
कांडप मशीनची तीन मुसळं
एकामागे एक उठतात, पडतात,
आणि त्या धपधपीत
माझ्या नावाच्या किती हाका कुटल्या गेल्या,
हिशेब नाही.

"वहिनी, दोनच किलो."
"हळद टाकून दे व कल्पू, मी बाजारातून येतो."
"घरच तर आहे ना तुमचं, मंग बंद कायचं?"
एका रात्री दहाला धनपाल मेश्रामनं
खिडकीतून पिशवी आत सरकवली,
ती थेट माझ्या ताटाजवळ येऊन बसली, लाल,
जशी मीच वाढून घेतली होती.

नवऱ्याचा दोष एवढाच
की त्याला नाही म्हणता येत नाही
आणि कांडावं मला लागतं.

तनू सहावीत. तिच्या वहीवरची लाल खूण
शाईची की तिखटाची,
मी बोटानं पुसून पाहते.

एका रविवारी जुन्या पत्र्यावर
कूलरला लावून उरलेल्या पोपटी रंगानं लिहिलं:
सकाळी ८ ते १. दुपारी ४ ते ७.
मधे बंद.
'मधे'च्या खाली दोन रेघा,
शाळेत उत्तराखाली मारायचो तशा.
शेवटी 'कृपया' लिहायला घेतलं,
जागा पुरली नाही, 'कृप' झालं.
बरं झालं.

पहिल्या आठवड्यात पत्रा कोणी वाचला नाही.
दुसऱ्यात वाचून हसले.
विमलाबाई म्हणाली, "तहसील झाली व तू आता!"
तिसऱ्यात अडीच वाजता कडी वाजली.
मी उठले नाही. चावत राहिले,
एक घास बत्तीस वेळा,
लहानपणी सांगायचे तसा.
कडी थकली.
वरण गरम होतं.
वरण इतकं गरम असतं, हे मी विसरले होते.

मोडलं मीच, एकदा.
डोंगरे गुरुजींच्या तेरवीचं तिखट
भर दोनला काढून दिलं.
संध्याकाळी लगेच विचारणं आलं,
"तेरवीले चालते, तं बारशाले कावून नाही?"

मग मार्चातला तो मंगळवार.
चारला दार उघडलं तर पायरीवर आई.
पवनीहून दुपारच्या एसटीनं आलेली,
मांडीवर मिरचीची थैली, ओठ सुकलेले.
"माय, कडी नाही वाजवायची का?"
तिनं पत्र्याकडे बोट केलं.
साक्षरतेच्या वर्गात शिकलेली ती,
अक्षराला अक्षर लावून वाचते.
"चार लिवले हायेत तू."
"ते गिऱ्हायकासाठी व."
"तसं नाही लिवलं."

आम्ही लहान असताना ती घरीच कांड्या भरायची,
मागावरच्या साड्यांच्या.
सेठचा माणूस ऐन जेवणात यायचा.
ती उठायची. खरकटा हात पाठीमागे धरून
दुसऱ्या हातानं सूत मोजून द्यायची.
समोरून त्याला फक्त आई दिसायची.
मागून आम्हाला
बोटांवर वाळत चाललेला भात.

पाणी पिऊन झाल्यावर तिनं थैली पुढे केली.
तीन किलो दोनशे.
"पैशे सांग."
मी सांगेना, ती उठेना.
शेवटी सांगितले.
कनवटीची गाठ सोडून तिनं सुटे काढले,
मशीनच्या फळीवर ठेवले,
आणि मग आत येऊन
चुलीजवळ अशी बसली
जशी आत्ताच आली होती.

रात्री रंगाचा डबा उघडला.
एक ओळ वाढवायची होती.
रंगाचा खडा झाला होता.

दुसऱ्या दिवशी पत्र्याखाली बाक ठेवला,
शेजारी माठ, वर पेला उपडा.
पत्रा तसाच आहे.
आता विमलाबाई दोनपासून बाकावर येऊन बसते,
माठातलं पाणी पीत
माझ्या तहसीलीच्या गोष्टी सांगते येणाऱ्याजाणाऱ्याला.
आत सगळं ऐकू येतं.
मी चावत राहते.