मामा

पुण्यात आल्यावर आठवड्याभरानं तिनं जिन्यातून
मोठ्यांदा हाक मारली:
मामा!
सोहोनीबाई दार उघडं ठेवूनच असतात.
हसल्या. म्हणाल्या, अगं, मामा नाही, आई.
मामा तुझा डोंबिवलीला.

तिच्याकडे मामा म्हणजे आई.
दादा म्हणजे बहीण,
काका म्हणजे भाऊ.
बाबा तेवढा दोन्हीकडे बाबाच,
म्हणून मकरंदचं पहिल्या दिवसापासून बरं चाललंय.

न्यामिझी.
शाळेतल्या कारकुनानं तीनदा विचारलं,
चौथ्यांदा स्वतःच्या मनानं लिहिलं, न्यायमिजी.
बदलून टाका, म्हणाला, सोपं पडेल.
कुणाला, ते नाही म्हणाला.

म्वान्झाला आम्ही चार वर्षं होतो,
मकरंद कापसाच्या जिनिंगमध्ये, मी अशीच.
मंगळवारी अनाथालयात शिवण शिकवायला जायचे
आणि एक मुलगी मशीनखाली बसून
चिंध्या गोळा करायची, रंग लावून ठेवायची.
पुढचं सगळं कोर्टाच्या कागदांत आहे.
चिंध्यांचा त्यात उल्लेख नाही.

सहकारनगरात सगळे चांगले वागतात.
कुणीतरी म्हणालं, कात्रजला न्या,
प्राणी बघून तिला घरच्यासारखं वाटेल.
नेलं.
आयुष्यातला पहिला हत्ती तिनं कात्रजला पाहिला,
तोही पाठमोरा.
मग तलावापाशी उभी राहिली बराच वेळ
आणि नव्याकोऱ्या मराठीत विचारलं,
ह्याचा पलीकडचा काठ का दिसतो?

केसांचं मात्र मला जमेना.
तुळशीबागेतल्या कंगव्याचे चार दात तुटले.
ती नाही रडली, मीच रडले.
तेव्हापासून रविवारी कोंढव्याहून हलीमा येते,
दार-एस-सलामची, फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाला,
दोन तास वेण्या घालते, गुडघ्यांत तिचं डोकं धरून,
आणि जाताना माझी ज्वारीची उकड
अंगठ्यानं दाबून दाबून खाते.
उगालीच की, म्हणते, फक्त आंबट कशाला केलीत?

कांगा तिनंच वाचून दाखवला.
न्यामिझीच्या उशाशी असतो, तिच्या आईचा,
कमरेला गुंडाळायचं सुती कापड,
काठाला ठळक अक्षरांत एक ओळ छापलेली.
बाजारापुरती भाषा मला येते.
शब्द सुटे सुटे कळायचे, ओळ लागायची नाही.
दोन वर्षं मी ती हातानं धुतली, सावलीत वाळवली,
आशीर्वाद असणार, असं धरून.
हलीमानं वाचली आणि हसत खालीच बसली:
"शेजारणी, तुझ्या चुलीवर काय करपतंय ते बघ."

म्हणजे ती बाई.
म्हणजे तिलाही जिना होता, नाहीतर अंगण,
दार उघडं ठेवून बसणारी कुणीतरी समोर,
आणि बाजारात ढीग उलटापालटा करून
तिनं नेमका हाच उचलला, पैसे मोजून,
घासाघीसही केली असेल.
इतके दिवस मी तिला नुसती वारलेली समजत होते.

त्या दिवशी कांगा पुढच्या गॅलरीत वाळत घातला,
अक्षरं सोहोनीबाईंच्या बाजूला.
सुरेख आहे हो, म्हणाल्या, काय लिहिलंय?
देवाचं काहीतरी, मी म्हणाले.

आता ती मला आई म्हणते.
शाळेतून शिकून आली, ई जरा लांबवून,
वर्गातल्या सगळ्यांसारखी.
मामा फक्त रात्रीपुरतं राहिलंय,
झोपेत, कूस बदलताना, अर्धवट.
कुणाला, ते मी विचारत नाही.
क्षणभर थांबते. दुसरीला वेळ देते.
मग ओ देते.