तीनास एक

रात्रपाळी नव्हती म्हणून सापडलो.
शलाकाने वही पुढ्यात सरकवली.
"बाबा, तुम्ही तर अमोनियातच असता, हे सांगा:
छप्पन ग्रॅम नायट्रोजन, नऊ ग्रॅम हायड्रोजन.
आधी कोण संपेल?"

अमोनियात आहे खरा.
सहा वर्षं थळला, चौदा इथे, ओमानात,
समुद्राकाठच्या या गावात, ज्याचं नाव सूर
आणि जिथे रात्रंदिवस कॉम्प्रेसरचा एकच सूर.
गळती किती लांब ते मला नाकाने कळतं.
वाऱ्याची पिशवी बघून
कुठल्या अंगाला पळायचं ते पायांना कळतं.
मोल मात्र मला ठाऊक ते
भाजीवाल्याला विचारायचं,
नाहीतर मजुरीच्या आधी लागतं ते.

"ते नाही हो. हा मोजायचा गठ्ठा आहे,
डझनासारखा. फक्त डझन मोठा."
"केवढा?"
तिने सहा लिहिला आणि शून्यं काढत गेली.
तेवीस झाली तेव्हा ओळ समास ओलांडून
माझ्या चहाच्या कपापाशी आली होती.

मी म्हटलं, छप्पनापुढे नऊ कुठे पुरणार?
हायड्रोजन संपेल.
"वजनावर नाही जायचं, तो हलका असतो."
तिने भागाकार मांडले.
नायट्रोजन दोन मोल. हायड्रोजन साडेचार.
"बघा. दोनच आहेत. नायट्रोजन संपणार."
पेनाला टोपण लावलं.

पुस्तकाच्या शेवटी उत्तर होतं: हायड्रोजन.
"छपाईची चूक," शलाका म्हणाली,
आणि माझ्याकडे अशी बघत राहिली
की चूक मीच छापली असावी.

मी वही उलटी करून घेतली.
वर, तिच्याच अक्षरात, समीकरण होतं.
एका नायट्रोजनला तीन हायड्रोजन.
तो तीन मी ओळखला.
पॅनेलच्या उजव्या कोपऱ्यात हिरवा दिसतो,
कधी दोन पूर्णांक सत्त्याण्णव, कधी तीन पूर्णांक शून्य दोन,
आणि शिफ्टचा साहेब खल्फान काचेवर बोट वाजवतो:
थलाथा, थलाथा.
मला वाटायचं, यंत्राची खोड असेल,
एखाद्याला चहात तीनच चमचे साखर लागते तशी.

"एकाला तीन लागतात. दोनाला?"
"सहा."
"आणि तुझ्यापाशी?"
"साडे..."
टोपण निघालं. मग मला कुणी विचारलंच नाही.
दीड मोल नायट्रोजन लागला,
अमोनिया तीन मोल, एक्कावन्न ग्रॅम,
आणि चौदा ग्रॅम नायट्रोजन तसाच.
बेरीज पासष्ट. पुन्हा केली. पासष्टच.

"या चौदाचं पुढे काय होतं?" मी विचारलं.
"पुढे काही नाही. उरतं, लिहायचं."

आता मी पेन घेतलं.
मागच्या पानावर एक वेडावाकडा गोल काढला.
आमच्याकडे कुणाला उरू देत नाहीत, म्हटलं.
एका फेरीत जेमतेम सातवा हिस्सा अमोनिया होतो.
बाकीचा वायू गार करून, ओढून, दाबून
पुन्हा आत.
झालं नाही तर पुन्हा.
सणावारालासुद्धा.
"परीक्षेत असं लिहिलं तर मार्क जातील."
"मग नको लिहूस."
तिने कर्कटक काढून माझा गोल गोल केला.
आतून तिच्या आईने विचारलं,
वायूंना झोप नाही, माणसांना आहे की नाही?

दुसऱ्या रात्री पाळीवर गेलो.
तिसऱ्या प्रहरी आकडा घसरला.
आत फोटो काढायला मनाई आहे,
म्हणून तळहातावर लिहून आणला.
सकाळी शाळेच्या बसची वाट बघत
शलाकाने माझा हात धरला, उजेडाकडे वळवला,
घामाने पुसट झालेलं वाचलं:
दोन पूर्णांक चौऱ्याण्णव.
"हायड्रोजन कमी पडला," म्हणाली.
थोडासा, म्हटलं.
"मग?"
मग काय, खल्फान आणि मी
पहाटेपर्यंत बसलो, आणला तीनावर.