बेचाळीस पौंड

हिल्या कोर्पेलाच्या दुकानात, गल्ल्याच्या वर,
एक पुठ्ठा टांगलाय, कोपरे दुमडलेला:
'बूट घालून आत या. बढाया बाहेर काढा.'

सप्टेंबरचा शेवटचा शनिवार. सरोवरावरचा वारा
दार पुन्हा पुन्हा ढकलून बघत होता.
साठ पौंडांचं माझं धनुष्य मी टेबलावर ठेवलं,
तिनं त्याला हातसुद्धा लावला नाही.
"खांदा कसा आहे, ऑस्मो?"
"बरा आहे."
"मी खांद्याला विचारलं."

मग भिंतीला पाठ टेकवून उभं केलं मला,
हात पसरायला लावले,
शिंप्यासारखी टेप धरली
या मधल्या बोटापासून त्या मधल्या बोटापर्यंत,
अडीचनं भागलं, पेन्सिलीनं, बाणांच्या खोक्यावरच.
"ओढ साडेसत्तावीस.
मागच्या खेपेला सव्वाअठ्ठावीस होती."

माणसाची ओढ अशी पाऊण इंचानं कमी होते
आणि घरात कुणी बोलत नाही.

"खुर्चीत बस. पाय जमिनीवरून उचल. आता ताण."
पन्नास पौंड:
दोरी हनुवटीपर्यंत आली
आणि पाहुण्यासारखी लगेच निघायची घाई करू लागली.
पंचेचाळीस: आली, बसली, पण अंग चोरून.
सगळी सोंगं आणता येतात, बळाचं आणता येत नाही,
निदान पाय अधांतरी असताना तरी नाही.
बेचाळीस:
दोरी गालाला टेकली आणि थांबली.
हिल्यानं घड्याळाकडे बघत वीस मोजले.
एकविसाव्याला मला कळलं
की मी मघापासून श्वास घेतोय.

मी तिला गेल्या नोव्हेंबरचं सांगितलं नाही.
टॅमरॅकच्या सुया गळून गेल्या होत्या,
हरणी आली ती नेमकी खोडाआड थांबली,
आणि मी साठ पौंड ताणून धरले,
धरले,
दंडातून थरथर मनगटात उतरेपर्यंत धरले,
आणि ती पुढं सरकली तेव्हा
मी बाण सोडला नाही, तो माझ्याकडून सुटला.
चार बोटं मागं लागला.
कंदील घेऊन मध्यरात्रीपर्यंत:
नेच्यावर एक थेंब,
दहा पावलांवर एक,
मग सीडरची दलदल, काळं पाणी,
आणि पाण्यावर कसलीच खूण राहत नाही.
सकाळी मी कावळे कुठं उतरतात ते बघत बसलो.
कावळे उतरले नाहीत.

(सांगितलं नाही म्हणतो खरा.
त्या बाणाची पिसं तिनंच चिकटवली होती.
बाराच्या जुडग्यात अकरा परत आलेले
तिनं मोजले असतीलच.)

"बाणही बदल," ती म्हणाली. "हे फार ताठ आहेत.
दांडीला कमानीला वळसा घालून जायचं असतं,
जो लवत नाही तो भरकटतो.
आणि पातं दोन धारांचं.
जोर कमी झाला की धार लावत बसायचं,
दुसरा इलाज नाही."

मागच्या खोलीत चौकटीला वर्तमानपत्र ताणलेलं,
जुन्या ट्रॅक्टरांच्या जाहिरातींचं पान.
आधी माझं धनुष्य, माझा बाण:
कागद डावीकडं वीतभर फाटला.
मग बेचाळीस पौंड, लवणारी दांडी:
एक भोक, वाटाण्याएवढं,
भोवती पिसांच्या तीन चिरा,
मांजराचं पाऊल उमटावं तशा.
मी त्या भोकाकडं बराच वेळ बघत राहिलो.
पलीकडं भुशाची पोती दिसत होती.

"किती यार्डांवरून मारशील?"
"वीस."
ती काही बोलली नाही.
माझं जुनं धनुष्य तेव्हा पहिल्यांदा उचललं तिनं,
पायात अडकवून वाकवलं, दोरी उतरवली.
लाकूड उलट्या दिशेला झुकलं,
तीस वर्षांत त्याला कुणी पाठ टेकू दिली नव्हती.

बिल ट्रकमध्ये बसून वाचलं.
धनुष्य, सहा बाण, पाती, दोरीचं मेण (मेणाचे पैसे नाहीत),
बेरीज,
आणि बेरजेखाली, दोनदा अधोरेखित:
पंधरा.