मागं सरकताना

पुण्यात बाई म्हणाल्या, मणका सोड.
चार वर्षं शिकले मी मणका सोडायला,
पडायला, पडताना हाड वाजू न द्यायला.
लाकडी फरशी. आरसे. घोट्यावर बर्फ.

पळसगावला परतले तेव्हा रोवणी सुरू होती.
बाया वाकून मागं मागं सरकत होत्या,
पुढ्यात हिरवी होत चाललेली बांधी.
वळून कुणीच बघत नव्हतं.
टाच आपली चिखलाला विचारून टेकायची.

वहीत लिहिलं : मागं चालणे, आठ मात्रा.
मग खोडलं.
आठ नव्हत्याच त्या.

सितकुराजी तीस वर्षं दंडारीत बाई होऊन नाचले.
आता गुडघे गेलेत. बाजेवर बसून
नुसता डावा खांदा हलवतात
अन् अंगणातली कोंबडीसुद्धा थांबते.
म्हणाले, "एवढाच ठेव.
बाकीचा कायले नाचतेस व बाई?"

राइस मिलच्या पत्र्याखाली आमची तालीम.
सहाजणी, तळव्यांना कोंडा,
मिलचा पट्टा सुरू असला तर त्याचाच ठेका.
ताई, शेवट कसा करायचा?
सरका म्हटलं, भिंत लागेपर्यंत.

काल कुमऱ्यांच्या करिश्माची पाठ
भिंतीला टेकली,
आणि ती सरकतच होती.